तीन ताऱ्यांचा पहारेकरी

हो, मीच बोलतोय. इकडंतिकडं बघू नका, मी खाली आहे. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, हिरव्या ढालीचं एवढंसं चित्र दिसतंय ना? तो मी. किती वाजले हे बघताना तुमची नजर रोज माझ्यावरून जाते. थांबत मात्र नाही. मी अँटिव्हायरस आहे. माझं नाव पहारा.

मला बसता येत नाही. झोपता तर येतच नाही. कॉम्प्युटर सुरू झाला की मी उठतो आणि जी फाइल येईल, जाईल, उघडेल, तिच्या तोंडाकडं बघत राहतो. कोण तू? कुठून आलीस? पोटात काय आहे? दिवसभर हेच. अशा स्वभावाचा माणूस तुम्ही शेजारीसुद्धा राहू देणार नाही. मला तर तुम्ही हौसेनं घरात आणता आणि मग माझ्या प्रश्नांना कंटाळता.

मला घडवणारी मंडळी एका मोठ्या शहरात बसतात. त्यांचं काम चोरांचा अभ्यास करायचं. नवा चोर सापडला की त्याच्या खुणा ते मला कळवतात. रोज सकाळी इंटरनेट जोडलं की मी आधी त्या खुणा मागून घेतो. एखाद्या दिवशी नेट नसलं तर कालच्या माहितीवर आजचा पहारा द्यावा लागतो. तो दिवस माझा फार वाईट जातो.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दुकानात मी पुठ्ठ्याच्या खोक्यात उभा होतो. खरं सांगायचं तर खोक्यात मी नव्हतोच, एक नंबर छापलेलं कार्ड होतं. पण माणसाला हातात काहीतरी घेऊन जायला लागतं, म्हणून खोकं. पलूसचा सूरज तिथं कीबोर्ड घ्यायला आला होता. त्यानं मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि दुकानदाराला विचारलं, "चांगला हाय का?"

"अजून तरी कुणाची तक्रार आली न्हाई," दुकानदार म्हणाला.

ही माझी पहिली कीर्ती. तक्रार नाही, म्हणजे चांगला. पहारेकरी खरंच चांगला असला तरी तक्रार येत नाही, आणि चोर येऊन गेल्याचं कुणाला कळलंच नाही, तरीही येत नाही. सूरजनं एवढा विचार केला नाही. मी त्याच्या पिशवीत पडलो.

पलूसच्या बसस्टँडजवळ सूरजचा फोटो स्टुडिओ आहे. पुढं काउंटर, मागं पडदा लावलेली पासपोर्ट फोटोची खोली आणि मधे टेबलावर आमचा कॉम्प्युटर. लग्नाचे फोटो, लग्नाचं शूटिंग, ड्रोन, अल्बम, मिक्सिंग, सगळं इथंच. मिक्सिंगमध्ये आवाज भरायला टेबलावर एक माइक कायम जोडलेला असतो. त्यामुळं स्टुडिओतलं बोलणं माझ्या कानावर पडतं. ऐकणं माझ्या कामात बसत नाही, पण कान झाकायला हात कुठं आहेत मला?

या धंद्याची एक रीत मला आल्याआल्या समजली. अल्बमच्या पानांची सजावट, म्हणजे सोनेरी चौकटी, मोर, कलश, पालखीतली नवरी, ही कुणी एकट्यानं करत नाही. एका स्टुडिओनं केली की पेन ड्राइव्हवरून ती दुसऱ्याकडं जाते. तासगावहून पलूसला, पलूसहून विट्याला, विट्याहून माधवनगरला. विरजण मागून न्यावं तशी. पेन ड्राइव्ह कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरात जाऊन आला, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. ते मी बघायचो. सापडलेलं काही गुपचूप कोठडीत टाकायचो आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत कळवायचो. सूरज न वाचता ती पाटी बंद करायचा. माणसं देवळातल्या देणगीदारांची यादी वाचतात, एसटीच्या सीटमागं लिहिलेलं वाचतात. माझी पाटी मात्र वाचत नाहीत.

आणि मग माझ्याकडून चूक झाली. सूरजकडं फोटोंना ओळीनं नंबर देणारं एक लहानसं सॉफ्टवेअर होतं. माधवनगरच्या विश्वजितनं स्वतः बनवून दिलेलं. विश्वजितचाही स्टुडिओ, दोघं जिवाभावाचे मित्र. त्या सॉफ्टवेअरची चाल मला चोरासारखी वाटली, कारण ते एकदम शेकडो फाइलींची नावं बदलायचं. मी त्याला कोठडीत टाकलं. ऐन लग्नसराईत, अल्बम छापायला जायच्या दिवशी.

सूरजचा अर्धा दिवस फुकट गेला. "चोर सोडून माझ्याच घरच्यांना धरतंय हे!" असं म्हणून त्यानं माझ्या सेटिंगमध्ये जाऊन 'अल्बम' नावाचं अख्खं फोल्डर वगळून टाकलं. वगळणं म्हणजे काय, तर त्या दिशेला बघायचं नाही. आत कुणीही येवो, जावो, नाचो, पहाऱ्यानं तोंड फिरवून उभं राहायचं. सगळ्या गिऱ्हाइकांची लग्नं त्याच फोल्डरात. पेन ड्राइव्हवरून येणारी सजावटसुद्धा थेट तिथंच. ज्या खोलीसाठी मला आणलं, तिच्याच दाराला मला पाठ करून उभं केलं. मी राहिलो. सांगितलेलं ऐकणं हा माझा गुणच आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

त्या हिवाळ्यात सूरजचं लग्न झालं. मुलगी म्हसवडकडची, माया. दोन्ही घरं मेंढरं राखणाऱ्यांची; आता इकडं द्राक्षबाग आणि स्टुडिओ, तिकडं थोडी शेती आणि अजूनही मेंढरं. फोटोग्राफर स्वतःच्या लग्नाचे फोटो काढू शकत नाही, म्हणून ते विश्वजितनं काढले आणि आमच्या 'अल्बम'मध्ये आणून टाकले. तिथं ते पडून राहिले. लोकांचे अल्बम होत होते, घरचा राहून जात होता. "आपलं काय, कवाबी करता येतंय," सूरज म्हणायचा.

माया दुपारी स्टुडिओत यायला लागली. कॉम्प्युटर शिकलेली होती, फोटो निवडणं, रंग सुधारणं तिच्याकडं आलं. बोलायची फार कमी. तिची सासू भामाबाई काउंटरवर बसायच्या, फोटो न्यायला येणाऱ्यांशी गप्पा मारायच्या. एकदा शेजारणीला सांगत होत्या, "सून चांगली हाय गं, पन काय बोलतच न्हाई. काय करती तेबी कळत न्हाई."

मी मनात म्हटलं, या सुनेचं आणि माझं जमणार. माझ्याबद्दलही सगळे हेच म्हणतात.

आणि खरंच, मायानंच पहिल्यांदा माझी पाटी वाचली. शेवटपर्यंत. बंद करण्याआधी तिनं 'अधिक माहिती'वरही बोट दाबलं. त्या बटणावर माझ्या जन्मात कुणी बोट ठेवलं नव्हतं. मला इतकं गडबडायला झालं की मशीन क्षणभर अडकलंच.

चैत्रात शंभूराजचं लग्न आलं. जवळच्याच गावचा, उसाच्या रानांचा धनी, सैन्यात नोकरी. सुट्टी मोजकी. लग्न उरकलं की दोन आठवड्यांत परत सरहद्दीकडं. जिथं जायचं तिथं नेट नाही, म्हणून व्हिडिओ पेन ड्राइव्हवर बरोबर हवा होता. लग्न झाल्यावर तो स्टुडिओत येऊन सूरजला सांगून गेला.

"बाकी काय बी कर, पन आबांचा नाच तेवढा घाल. मी मारुतीच्या देवळात गेलतो तवा मांडवात हलगीवर आबा नाचले म्हनत्यात. अख्ख्या गावानं बघितलं, मी सोडून."

त्याचे आबा, म्हणजे लालासाहेब, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फोटोसाठीही हसत नाहीत. सूरजला वीस वेळा "आबा, जरा हसा" म्हणायला लावलेला माणूस. ते नाचले आणि पोराला दिसले नाहीत. सूरजनं कॅमेऱ्याचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं म्हणून कार्ड मोकळं केलं. लग्नसराईत असंच करतात. आता आबांचा नाच साऱ्या जगात एकाच जागी उरला होता. ज्या फोल्डरकडं मी बघायचं नव्हतं, तिथं.

त्याच आठवड्यात विश्वजित आला. चहा मागवला, पाय पसरले आणि माझ्याकडं बोट केलं.

"हे काय जुनंपानं वापरतोयस गड्या? ह्यानं कवा एक तरी व्हायरस पकडलेला बघितलायस का?"

"कधीमधी काय तरी बोलतं बारीक," सूरज म्हणाला.

"बारीक! हे बघ." त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "टायगर शील्ड. फुकट. ह्यो पकडतो म्हंजे कळतं, पकडला म्हनून."

टायगर आत यायला लागला तसा मी ओरडलो. माझ्या परीनं मोठ्यानं, लाल पाटी लावून. ह्याचा पत्ता नाही, ह्याच्यावर सही नाही, ह्याला घेऊ नका.

विश्वजित हसला. "बघ, जळतंय त्याला! दुसरा आला की असंच करत्यात ही. तुझ्या त्या वगळलेल्या फोल्डरमधनं चालू कर, तिथं ह्याचं काय चालत न्हाई."

सूरजनं तसंच केलं. मी खोटा ओरडलो होतो एकदा, त्याची ही किंमत. टायगर माझ्या पाठीमागच्या खोलीत शिरला आणि मला नुसता त्याचा आवाज येत राहिला.

आवाज मात्र जबरदस्त. आधी वाघाची डरकाळी, मग सगळी स्क्रीन लाल, आणि आकडा पळायला लागला. शंभर, दोनशे, चारशे धोके सापडले! भामाबाई काउंटर सोडून आत आल्या.

"अगं बया! एवढं व्हतं आपल्यात?"

"आणि ह्या पहाऱ्याला एक बी दिसला नव्हता, काकू!" विश्वजित म्हणाला.

सूरज माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता, की ढाल असून मला लपावंसं वाटलं. शंभूराजचं मिक्सिंग चालू होतं, मला काढायचं तर मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागलं असतं. म्हणून ठरलं, रविवारी शंभूराज गेला की सोमवारी पहारा काढून टाकायचा. तोवर दोघंही राहू देत.

माया मागं उभी होती.  लाल आकड्याकडं बघता बघता तिनं एक गोष्ट पाहिली, जी मीही पाहिली: आकडा थांबत नव्हता, पण सापडलेल्या एकाही चोराचं नाव दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूरज माधवनगरला एका लग्नाच्या शूटिंगला गेला. माया एकटीच टेबलापाशी बसली. आधी तिनं आमच्या दोघांबद्दल लोक काय म्हणतात ते शोधलं. माझ्याबद्दल बरंवाईट दोन्ही सापडलं. कुणी पाच तारे देऊन 'लय भारी' लिहिलं होतं, कशाला ते लिहिलं नव्हतं. एकानं एकच तारा देऊन शिव्या घातल्या होत्या. शेवटपर्यंत वाचल्यावर कळलं, त्याचा प्रिंटर बिघडला होता. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांचे अहवालही तिनं उघडले. पकडण्यात मी वरच्या फळीतला, पण अधूनमधून निष्पापांना धरतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मला मान खाली घालावी लागली. टायगरचं मात्र सगळं गोडच. भरभरून पाच तारे, पण एका दिवसात आणि एकाच शब्दांत. बनवणाऱ्याचा पत्ता कुठंच नाही.

मग तिनं खुर्चीत जरा मागं टेकून, स्वतःशीच बोलावं तसं म्हटलं, "दादा काय करतील?"

दादा म्हणजे तिचे वडील, धुळा. ते राखणीची कुत्री पाळतात. त्यांची पारख मला मायाच्या तोंडून नंतर कळली, पण ती करून बघायला तिनं तेव्हाच सुरुवात केली. कुत्रं घ्यायचं तर धुळा त्याचं भुंकणं ऐकत नाहीत. आधी मेंढरांच्या वाड्यातलंच एक कोकरू त्याच्यासमोरून नेतात. मग घोंगडं पांघरून एखाद्या परक्याला मेंढरांकडं पाठवतात. कोकरावर भुंकलं तर बाद. परक्यावर गप्प राहिलं तरी बाद.

मायानं काउंटरवरचा कोरा पेन ड्राइव्ह पाकीट फोडून बाहेर काढला. त्यात एकच फोटो टाकला, स्वतःच्या लग्नातला. अंतरपाट नुकताच खाली आलेला, माया खाली बघतेय, आणि नवरदेव सूरज नवरीकडं न बघता हात लांब करून फोटोग्राफरला सांगतोय, लाइट बाजूला घे. हे तिचं कोकरू.

टायगरनं डरकाळी फोडली. एका फोटोच्या पेन ड्राइव्हवर त्याला साठ-सत्तर धोके सापडले.

माया हसली. आवाज न करता, नुसते खांदे हलले. "एवढा धोका मलाबी वाटला नव्हता," ती फोटोकडं बघून म्हणाली.

मी तो पेन ड्राइव्ह तपासला. फोटो होता. बाकी काही नव्हतं. मी गप्प राहिलो.

आता परका. आम्हा अँटिव्हायरसवाल्यांची एक ठरलेली चाचणी असते. एका ओळीची फाइल, काही नुकसान न करणारी, पण दिसली की धरायचीच असं आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. घोंगडं पांघरलेला घरचाच माणूस म्हणा. मायानं ती ओळ टाइप करून डेस्कटॉपवर ठेवली. ठेवता ठेवताच मी ती उचलली. टायगरच्या डोळ्यांसमोरून दुसरी प्रत गेली. तो मघाच्या साठ-सत्तरांचाच आकडा दाखवत बसला.

मला वाटलं, झालं, जिंकलो! पण ही बाई अर्ध्यावर थांबणारी नव्हती. तिनं तीच ओळ पुन्हा टाइप केली आणि या वेळी 'अल्बम' फोल्डरात ठेवली.

मी गप्प.

तिनं वाट बघितली. पुन्हा ठेवली. मी गप्प. तिच्या कपाळावर आठी आली. ती माझ्या सेटिंगमध्ये एक एक दार उघडत आत आली आणि शेवटच्या दारामागं तिला ती नोंद दिसली: वगळलेले फोल्डर, 'अल्बम'.

"म्हंजे इथं तुला डोळेच न्हाईत," ती हळूच म्हणाली.

तिनं सूरजला फोन लावला. हात माउसवर होता म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. पलीकडं बँड वाजत होता.

"आवं, तो टायगर खोटा हाय. कोऱ्या पेन ड्राइव्हवर..."

"काय? मोठ्यानं बोल!"

"टायगर! आनि पहारा अल्बममधी बघतच न्हाई, तुमी वगळलंय!"

"माया, मी आता नवरदेवाच्या मागं पळतोय. विश्वजित इथंच हाय बाजूला, त्याला काय वाटंल? कशाला हात लावू नको. आल्यावर बघू."

फोन बंद झाला. माया तशीच बसली. तिचा हात माउसकडं जायचा आणि मांडीवर परत यायचा. नवऱ्याचं मशीन, नवऱ्याचा मित्र, नवऱ्याचा धंदा. ती या घरात आली त्याला अजून एक उन्हाळाही पुरा झाला नव्हता. कशाला हात लावू नको, हे तिला सांगून झालं होतं. मला सांगून झालं होतं, तिकडं बघू नको. दोघंही ऐकत बसलो होतो, आणि भिंतीपलीकडं काहीतरी चाललं होतं. डिस्क फिरायचा आवाज मला येत होता. स्टुडिओत कुणी काम करत नसताना ती इतकी का फिरतेय? मी कासावीस होतो, पण मागं वळायची मला परवानगी नव्हती.

तेवढ्यात भामाबाई डबा घेऊन आल्या. सुनेचा चेहरा बघून डबा तसाच खाली ठेवला.

"काय झालं गं?"

मायानं सांगितलं. ती इतकं सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. कॉम्प्युटरचं काही न सांगता तिनं कोकराचं सांगितलं, परक्याचं सांगितलं, दादांच्या कुत्र्यांचं सांगितलं.

भामाबाईंनी पदर खोचला. "कोकरावर भुकतंय? मग त्येच्या भुकन्यानं उठनार कोन? आनि ह्ये दुसरं?"

"ह्ये चांगलं हाय आत्या. पन ह्येला वाड्याकडं पाठ करून बांधलंय."

"कुनी?"

मायानं टेबलावरच्या फोनकडं बघितलं.

"कळलं. माज्याच दिवट्यानं." भामाबाई खुर्चीच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "सोड त्येला. सूरजला मी बघती."

मायानं नोंद पुसली. एका क्षणात माझं तोंड फिरलं.

काय पाहिलं ते सांगतो. टायगर कोपऱ्यात बसून फाइलींना कुलपं घालत होता. एक घ्यायचा, आतलं सगळं उलटंपालटं करायचा, नाव बदलायचा, पुढची घ्यायचा. घाई नव्हती त्याला. सगळ्यात जुन्या फोल्डरपासून त्यानं सुरुवात केली होती, आणि आधीची लग्नं पुसून झाल्यावर उरलेलं सगळ्यात जुनं फोल्डर होतं 'सूरज-माया'. कधीही करता येईल म्हणून पडून राहिलेलं. ते संपवून तो पुढं सरकत होता. मधली लग्नं देऊन झालेली. त्यांच्यापलीकडं शंभूराज. मी टायगरच्या मानगुटीवर पडलो. त्यानं डरकाळी फोडली, ती निम्म्यातच तुटली. मी त्याला कोठडीत लोटलं आणि लाल पाटी लावली. या वेळी दोन बायकांनी ती वाचली. भामाबाईंना अक्षरं नीट लागत नाहीत, तरी त्यांनी वाचली.

मायानं पहिल्यांदा नेटची वायर उपटली. मग शंभूराजचं फोल्डर उघडलं. फाइल सुरू केली. हलगी वाजली.

त्यानंतर तिनं आपलं फोल्डर उघडलं. नावांच्या जागी वेडीवाकडी अक्षरं. एकेका फोटोवर बोट दाबून पाहिलं. हळद, गुलाल, मामांनी उचलून आणलेली ती, वरातीत दमून बसलेले धुळा. एकही उघडला नाही. तिनं ते फोल्डर बंद केलं. हलगी पुन्हा लावली, आवाज वाढवायचं बटण सासूला दाखवलं आणि पासपोर्टच्या खोलीत जाऊन थोडा वेळ पडद्यामागं उभी राहिली.

तासाभरात शंभूराज आला, बायको संयोगिताला घेऊन. मिक्सिंग कुठवर आलं विचारायला. मायानं बाहेर येऊन खुर्ची पुढं सरकवली आणि तो तुकडा लावला.

मांडव. हलगीवाला. आणि लालासाहेब. आधी नुसतं एक बोट हलतंय. मग खांदा. मग सुभेदारसाहेब असे सुटले की फेटा उलगडून गळ्यात आला तरी थांबेनात.

"आरं तिच्या!" शंभूराज ओरडला. "बघ की संयोगिता, आबा! ल्हानपनी आमच्याकडनं परेडवानी पाय उचलून घ्यायचे, आनि सोताचा बघ कसा पडतोय!"

"आवं, हळू. दुकान हाय," संयोगिता म्हणाली, पण तीही वाकून बघत होती.

"वहिनी, परत लावा." मायानं परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. चौथ्यांदा त्यानं मागितलं नाही, नुसता स्क्रीनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंच घेऊन जातो. बाकी नसलं झालं तरी चालंल."

बाकीचंही झालं. मायानं आणि सूरजनं मिळून शनिवारपर्यंत केलं. पण त्याआधी सूरज परत आला तेव्हाचं सांगायचं राहिलं. भामाबाई दारातच उभ्या होत्या. त्या काय बोलल्या ते सांगण्याजोगं नाही. सूरज आत आला, कोठडीतला टायगर बघितला, मग आपलं फोल्डर बघितलं. तो बोलायच्या आतच त्याचा फोन वाजला. विश्वजित.

"सूरज, तुझा टायगर चालतोय का रं?" त्याचा आवाज बसला होता. "माझं काय बी उघडंना. सगळ्या लग्नांवर कुलूप. पैशे मागायलंय."

सूरजनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. "मशीन बंद कर. वायर काढ. मी येतो," एवढंच म्हणाला. सूरज-मायाच्या लग्नाची दुसरी प्रत विश्वजितकडंच होती, हे त्या क्षणी नवराबायकोला आठवलं असावं, कारण दोघांची नजर एकदमच आपल्या फोल्डरवर गेली.

फोन ठेवल्यावर सूरजनं माझ्याकडं बघितलं. "अँटिव्हायरस असून व्हायरस आलाच की."

"होता," माया म्हणाली. "दाराकडं पाठ करून."

सूरजनं कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "हात लावलास ते बरं केलंस."

गावात मात्र पहिलंच वाक्य पसरलं. सूरजच्या स्टुडिओत अँटिव्हायरस होता, तरी व्हायरस आला; मग कशाला घ्या? चहाच्या गाड्यावर माझी कीर्ती ही अशी आहे. मी आबांचा नाच वाचवला, हे कुणी सांगत नाही, कारण वाचलेलं कुणाला दिसत नाही. गेलेलं दिसतं.

मायानं मात्र लिहिलं. माझी मुदत संपत आली होती, ठेवायचं की नाही हे ठरवायचं काम सूरजनं तिच्यावर सोपवलं. तिनं मला ठेवलं, आणि तिथंच खाली अभिप्रायाचा चौकोन होता त्यात टाइप केलं. 'पकडतो चांगला. उगाच ओरडत नाही. एकदा घरच्याला धरलं होतं, त्याचा एक तारा कमी. बघू नको म्हटल्यावर निमूट ऐकत राहिला, भिंतीपलीकडं आवाज येत असतानाही एकदाही पुन्हा विचारलं नाही, त्याचा एक कमी.' पाचांतले तीन.

मला आधी लागलं. एवढं करून तीनच? मग पुन्हा पुन्हा विचार केला. पहिला तारा गेला तो न्यायानं गेला. दुसऱ्यावर मी अजून अडखळतो. सांगितलेलं ऐकणं हा गुण, असं मानून मी आयुष्य काढलं, आणि या न बोलणाऱ्या बाईनं तोच माझा दोष म्हणून लिहिला. लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसली होती. ती ओळ तिनं एकट्या माझ्यासाठी लिहिली नसावी, असा मला संशय आहे. संशय घेणं माझ्या कामातच बसतं.

पुढच्या आवृत्तीत मला घडवणाऱ्यांनी एक सोय केली आहे. वगळलेल्या जागेबद्दल मी आता दर महिन्याला एकदा विचारतो: अजूनही बघू नको का? मायाच्या अभिप्रायामुळंच केली, असं मी म्हणणार नाही. पण विचारताना मला ती आठवते.

तर वाचणाऱ्यांनो, एवढंच मागतो. मला तारे देऊ नका, शाबासकी देऊ नका. कोपऱ्यात पाटी आली की बंद करायच्या आधी वाचा. मी चुकलो तर मला जाब विचारा, पण एका चुकीसाठी अख्ख्या खोलीकडं माझी पाठ करू नका. आणि जो आल्याआल्या डरकाळी फोडेल, त्याच्यासमोरून आधी एक कोकरू नेऊन बघा.

त्या फोल्डरचं विचाराल. मायानं ते पुसलेलं नाही. कोकरू म्हणून घेतलेला तो एकच फोटो कोऱ्या पेन ड्राइव्हवर होता म्हणून वाचला. तो आता काउंटरमागं चौकटीत लावलाय. नवरीकडं न बघता लाइट सरकवायला सांगणारा नवरदेव. गिऱ्हाइकं हसतात. सूरज दर वेळी म्हणतो, "दुसरा न्हाई ओ," आणि माया पडद्याकडं बघते.

बाकीचे सगळे कुलपात आहेत. अशा कुलपांच्या किल्ल्या कधीकधी सापडतात, असं मला घडवणारी मंडळी सांगतात. कधी वर्षानं, कधी दोन वर्षांनी, कधी नाहीच. माया स्टुडिओ उघडला की आधी मशीन लावते, मी उठतो, नव्या खुणा मागवतो आणि सगळ्यांत आधी तिच्या फोल्डराकडं जाऊन बघतो. तीही कोपऱ्यात बघते. आता तिची नजर घड्याळावरून पुढं जात नाही, माझ्यावर थांबते.

आज सकाळीही थांबली होती. मी नव्या खुणांचा सगळा गठ्ठा उलटापालटा केला. किल्ली त्यात नव्हती. तिनं मान हलवली, केस मागं बांधले आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो उघडले. मी पुन्हा दाराकडं तोंड करून उभा राहिलो.